जुन्या पॉप गाण्यांचा बिझी बास: गाणं न खाता कसा वाजवायचा

गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीच्या कार्यक्रमात मी एक गाणं खाल्लं. म्हणजे झालं असं की गाणाऱ्या वहिनी दुसऱ्या अंतऱ्यात शिरल्या आणि मी खाली अशी काही पळापळ लावली होती की त्यांना समच सापडेना, दोन मात्रा थांबून त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी अजूनच खूश, मला वाटलं दाद देतायत. कार्यक्रम संपल्यावर आमचे तबलेवाले काका हातावरची पावडर झटकत म्हणाले, "भिया, हात छान चालतो तुझा, पण गाणं कुठं होतं त्यात?" इंदूरात भिया हा शब्द प्रेमाचा पण असतो आणि कानाखाली वाजवायच्या आधीचा पण, तो कुठला होता ते मला लगेच कळलं.

तर त्यानंतर मी जे परत पहिल्यापासून शिकलो ते इथे लिहितोय. ज्यांच्याकडे बास गिटार आहे, चार कॉर्डच्या खाली मुळाचे स्वर (ज्यावरून कॉर्डचं नाव पडतं तो स्वर) धरता येतात, आणि आता ते साठ-सत्तरच्या दशकातल्या गाण्यांसारखं खालून सतत काहीतरी गात राहणारं वाजवायचंय, त्यांच्यासाठी आहे हे. अगदी नवीन असाल तर आधी दोन महिने मुळाचे स्वर तालात धरा आणि मग या, खरंच सांगतो, मध्येच उडी मारलीत की माझ्यासारखं होतं.

आधी बिझी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण माझी चूक तिथेच होती. मला वाटायचं बिझी म्हणजे जास्त स्वर. पण आपल्याकडे गायक जागा घेतो म्हणतो ना आपण, तशीच ही गोष्ट आहे, चांगला बासवाला पण जागा घेतो, आणि गायक श्वास घेतो तेव्हा घेतो. मोजून बघितलं तर त्या गाण्यांमध्ये स्वर खूप असतात हे खरं, पण ओळीच्या मधोमध कमी आणि ओळ संपली की जास्त, आणि कॉर्ड बदलायच्या क्षणी बास जवळजवळ कधीच हुकत नाही. मधे कुठेही फिरून या पण समेला घरी.

हा सगळा प्रकार सुरू कसा झाला तेही थोडक्यात, कारण त्यावरून वाजवायचं कसं ते कळतं. फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ मध्ये आला, त्याच्या आधी सगळीकडे तो उभा मोठा डबल बास, त्याला पडदे, म्हणजे फ्रेट, नाहीत, मोठ्या बँडमध्ये त्याचा आवाज बुडून जायचा. नव्या बासला पडदे होते म्हणून स्वर नेमका लागायचा, नावच त्यावरून. मग डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसन नावाचा माणूस आला, मुळात डबल बासवाला, जॅझ वाजवणारा, आणि त्याने १९६२ च्या प्रिसिजनवर ते डबल बासचं चालणं आणि जॅझची वाकडी पावलं तीन मिनिटांच्या पॉप गाण्यात घुसवली. आणि गंमत म्हणजे उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, त्या बोटाला लोक द हुक म्हणायचे. मी दोन बोटं, तीन बोटं असले क्लासचे व्हिडिओ बघत बसलो होतो आणि इकडे हा माणूस एका बोटाने आख्खं दशक वाजवून गेला.

त्याच काळात इंग्लंडमध्ये बीटल्सचा पॉल मॅकार्टनी, ज्याने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तो व्हायोलिनसारखा दिसणारा हॉफनर बास घेतला होता, आणि लॉस एंजेलिसला कॅरल के, जी मुळात गिटारवाली, पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पत्तीने, वाजवायची. हे तिघं तीन वेगळ्या वाटा आहेत आणि तिघांचा आवाज वेगळा आहे पण एक गोष्ट सारखी, तिघंही खाली एक दुसरी चाल गातात. आपल्याकडे टोनी वाझ यांनी आर. डी. बर्मनकडे वर्षानुवर्षं बास वाजवला, आणि आपल्या घरात ती गाणी लहानपणापासून चालू असून त्यांचं नाव मला पस्तिशीत कळलं. मोटाउनच्या रेकॉर्डवर पण वाजवणाऱ्यांची नावं बरीच वर्षं छापत नसत, १९७१ मध्ये मार्विन गेच्या व्हॉट्स गोइंग ऑनच्या कव्हरवर जेमरसनचं नाव आलं. इकडे काय नि तिकडे काय, बासवाला कायम मागच्याच रांगेत.

आता कामाचं. पहिली गोष्ट बोटं नाही, आवाज. हे उलटं वाटेल पण आधी आवाज जुना करा, कारण नवीन चकचकीत तारांवर हेच स्वर वाजवलेत ना तर सगळं खणखण खणखण ऐकू येतं, प्रत्येक स्वर लांबतो, एकमेकांवर चढतो आणि गाणाऱ्याच्या गळ्यावर बसतो. जुना आवाज ठुम् असा येतो, येतो आणि जातो, म्हणून तिथे जास्त स्वर खपून जातात. ही गोष्ट मला कोणी सांगितली असती तर त्या गणपतीत निम्मी अब्रू तरी वाचली असती.

त्यासाठी फ्लॅटवाउंड तारा लागतात, म्हणजे ज्यांच्यावर गुंडाळलेली पट्टी गोल नसून चपटी असते, हात फिरवला की गुळगुळीत लागतात. जेमरसनकडे ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड होत्या, ०.०५२ पासून ०.११० पर्यंत, आणि तो त्या तुटल्याशिवाय बदलत नसे असं सगळे सांगतात. आपल्याला एवढ्या जाड नकोत, बोटं सोलून निघतील, हलक्या घ्या. इथे जेल रोडच्या दुकानांत मी विचारलं तर एकाने मला सरळ गिटारच्या तारा काढून दाखवल्या, शेवटी ऑनलाइन मागवल्या. महाग असतात, नसतील परवडत तर जुन्या मळलेल्या राउंडवाउंडच, म्हणजे नेहमीच्या गोल गुंडाळीच्या तारा, राहू द्या, नवीन घालू नका, टोनचं बटण पूर्ण बंद करा आणि पुढचं करा.

पुढचं म्हणजे स्पंज. जुन्या फेंडरवर ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात त्या भागाच्या, धातूच्या झाकणाखाली फोमचा तुकडा यायचाच. आपल्या बासवर ते झाकण नसतं, तर भांडी घासायचा स्पंज घ्या, कोरा, वापरलेला नको, आणि तो हिरवा खरखरीत भाग कापून टाका. चार तारांच्या रुंदीचा एक पट्टा कात्रीने कापा आणि ब्रिजच्या अगदी पुढे तारांच्या खाली सरकवा. तो तारांना खालून नुसता टेकला पाहिजे, वर ढकलता कामा नये. आता एक तार छेडा. स्वर कळतोय आणि सेकंदाभरात विझतोय, तर बरोबर. नुसतंच ठक येतंय आणि स्वर कुठला ते कळत नाहीये, तर स्पंज जाड झाला, उभा चिरून अर्धा करा. जाड तारेचा आवाज मेला आणि पातळ तार मात्र अजून किणकिणतेय असं होतं बऱ्याचदा, तेव्हा पातळ बाजूला खाली कागदाची एक घडी घालून स्पंज उचला. मी हे करत होतो तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे तीनाचं पाकीट आणलं होतं, एक कुठं गेला?" अजून तिला सांगितलेलं नाहीये.

आता कान. फोनच्या स्पीकरवर बास ऐकून बसवायला जाऊ नका, तो तिथे नसतोच. बासची सगळ्यात जाड तार सोडली तर ती ४१ हर्ट्झच्या आसपास असते, पुढची ए ५५ ला, आणि फोनचा एवढासा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही, तुम्हाला ऐकू येतात ते फक्त वरचे उपस्वर आणि बाकीचं मेंदू भरून काढतो, आणि मेंदू नेमका सप्तक चुकवतो. हेडफोन घ्या, तार असलेला साधा पण चालेल. आणि साठच्या दशकातल्या स्टिरिओ रेकॉर्डची एक मजा आहे, तेव्हा बऱ्याच मिक्समध्ये वाद्यं एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात असं सरळ वाटून टाकलेलं असायचं, तर एकच इअरफोन घालून बघा, कुठल्या तरी एका बाजूला बास जवळजवळ मोकळा सापडतो. स्पीड पाऊणपट करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बासला हात लावायच्या आधी ती ओळ तोंडाने म्हणा, एक सप्तक वर, सरगममध्ये म्हणता आली तर उत्तम. मी पलासियाच्या सिग्नलवर स्कूटरवर बसून म्हणतो, आजूबाजूचे बघतात, बघू देत. जी ओळ गाता येत नाही ती वाजवलीत तर नुसते फ्रेटचे नंबर वाजतात.

आता एक चाल घेऊ आणि ती हळूहळू भरू. पट्टी पांढरी एक, म्हणजे सी. चार कॉर्ड, सी, ए मायनर, एफ, जी, प्रत्येकाला एक बार, चार ठोके, ठोक्याच्या मधे 'आणि', म्हणजे एका बारमध्ये आठ खाने. पन्नाशी-साठीच्या पॉपमध्ये ही चौकडी इतक्या ठिकाणी आहे की मोजता येणार नाही. सरगममध्ये मुळाचे स्वर सा, ध, म, प.

पहिली फेरी, बारला एकच स्वर. सा धरा, सोडा. ध, म, प. मेट्रोनोम ७० ला, म्हणजे मिनिटाला सत्तर ठोके. हे लहान मुलाचं वाटेल तरी चार वेळा करा, कारण हीच चार घरं आहेत, पुढे कितीही भटकलात तरी एकच्या ठोक्याला इथेच यायचंय.

दुसऱ्या फेरीत तिसऱ्या ठोक्याला पंचम घाला, म्हणजे कॉर्डचा पाचवा. सा-प, ध-ग, म-सा, प-रे. हात कुठं जातो तर पातळ बाजूच्या शेजारच्या तारेवर दोन फ्रेट पुढे, सगळीकडे तोच आकार. आणि अजून एक तार ओलांडून त्याच फ्रेटवर वरचं सप्तक मिळतं. एवढ्यावर अर्ध्या जुन्या गाण्यांचा बास निघतो हे लक्षात ठेवा, मी थट्टा करत नाहीये.

तिसरी फेरी खरी. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना उडी मारायची नाही, पायऱ्यांनी जायचं. सी च्या बारमध्ये सा धरलाय, ए तारेचा तिसरा फ्रेट. आठव्या खान्यात, म्हणजे चारच्या 'आणि'ला, कोमल नि, ए तारेचाच पहिला फ्रेट, आणि पुढच्या एकला ए तार मोकळी, तो ध. ऐकलंत? तो कोमल नि या सप्तकात बसत नाही, कॉर्डमध्ये पण नाही, पण एवढासा येऊन जातो म्हणून गोड लागतो. घरात कोणी शास्त्रीय गाणारे आजोबा असतील आणि रागावले तर रागावू द्या. मग ए मायनरच्या बारमध्ये शेवटचे दोन खाने प आणि तीव्र म, जाड ई तारेचा तिसरा आणि दुसरा फ्रेट, आणि एकला म, पहिला फ्रेट. एफ वरून जी ला जाताना आठव्या खान्यात परत तोच तीव्र म, आता उलटा, खालून वर, म-तीव्र म-प. आणि जी वरून घरी सी ला येताना शेवटच्या दोन खान्यांत ध, नि, म्हणजे मोकळी ए आणि तिचाच दुसरा फ्रेट, आणि एकला सा. सगळं पहिल्या तीन फ्रेटमध्ये झालं बघा, हात हललाच नाही. जेमरसन मोकळ्या तारा भरपूर वापरायचा, डबल बासची सवय, आणि मोकळी तार वाजत असताना डाव्या हाताला पुढच्या जागी जायला वेळ मिळतो हा खरा फायदा.

पण आपल्याकडे एक भानगड आहे. गाणारे म्हणणार माझी काळी एक, आणि तुमच्या सगळ्या मोकळ्या तारा गेल्या. घाबरू नका, सगळा आकार एक फ्रेट पुढे सरकवा, जिथे मोकळी ए होती तिथे आता पहिला फ्रेट. फक्त हाताला मिळणारी ती विश्रांती जाते, म्हणून काळी एकमध्ये स्पीड दहाने कमी ठेवून सुरू करा. आणि कोणी काळी चार सांगितली तर आकारच नवीन बसवायचा, रियाजाच्या वेळीच विचारून ठेवा, स्टेजवर नाही. आमच्या इथे वर्षाला किशोरकुमारच्या गाण्यांच्या नाइट किती होतात विचारू नका, खांडव्याचा माणूस, शिकला इथल्या ख्रिश्चन कॉलेजमध्ये, त्यामुळे प्रत्येक गल्लीत एक किशोर आहे आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी आहे.

चौथी फेरी मुक्या स्वरांची, डेड नोट म्हणतात. डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवा, दाबू नका, आणि उजव्याने छेडा, टक असा आवाज आला पाहिजे, सूर नाही. सा धरल्यावर मधल्या रिकाम्या खान्यांत एक-दोन टक टाका, सा, टक, सा, आणि मग कोमल नि. हीच ती गोष्ट जी ऐकणाऱ्याला कळत नाही पण पाय हलवते. बिझी बासमधले बरेच स्वर खरं म्हणजे स्वरच नसतात, ताल असतो. आणि एका बोटाने वाजवताना हे आपोआप होतं, बोट एका तारेवरून खालच्या तारेवर घसरतं तेव्हा त्याच झटक्यात दुसरा आवाज निघतो, म्हणून म्हटलं ते एका बोटाचं मनावर घ्या. पिकवाल्यांनी तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवायची म्हणजे तोच ठुम् मिळतो.

आता तबलेवाल्या काकांचा धडा, आणि हा कुठल्याच इंग्रजी व्हिडिओत मला मिळाला नाही. आपल्या ऑर्केस्ट्रात ड्रम असो नसो, तबला किंवा ढोलक असतोच, आणि तबल्याचा डग्गा हाच आधीपासून बास आहे. दोन बास एका वेळी बोलले की खाली नुसता गडगडाट होतो. काकांनी मला समोर बसवलं, केरवा धरला, धा गे ना ती न क धी ना, आणि म्हणाले, "हात बघू नको, डावा कधी घुमतो ते ऐक." धा ला घुमतो, गे ला घुमतो, मग ती आणि न ला नुसता उजवा, क ला डावा पडतो पण बंद, घुमत नाही, आणि धी ला परत घुमतो. म्हणजे चौथी, पाचवी, सहावी मात्रा, ती न क, एवढी जागा मोकळी आहे. "तुला काय बडबड करायची ती इथं कर."

मी घरी येऊन तीच चौकडी केरव्यावर बसवली. धा ला मुळाचा स्वर, घट्ट. गे ला काही नाही, धाचा सा चालू राहू दे किंवा स्पंजने विझू दे. ती न क मध्ये तीन छोटे स्वर, उदाहरणार्थ सी च्या बारमध्ये प, वरचा सा, प, किंवा नुसतं टक टक प. धी ला गप्प. आठव्या ना ला पुढच्या घराची एक पायरी, कोमल नि, आणि परत धा ला ध. वर मी ए मायनरला दोन पायऱ्या सांगितल्या होत्या, प आणि तीव्र म, त्यातली पहिली धी वर येते, तर तबला असेल तेव्हा ती सोडून द्या, एकच ठेवा. मोजलं तर स्वर गणपतीत वाजवले त्यापेक्षा फार कमी नव्हते, पण काकांनी मान हलवली आणि वहिनींना सम सापडली.

ड्रमचा सेट असेल तर हिशेब वेगळा. तिथे तुमचा साथीदार पायाचा मोठा ड्रम, बहुतेक एक आणि तीनला पडतो, त्याच्याबरोबर पडा, आणि दोन-चारला स्नेअर, म्हणजे तो खणखणीत छोटा ड्रम, पडतो तेव्हा तुमचा आवाज बंद असू दे. स्वर कधी सुरू होतो याकडे सगळे बघतात, कधी संपतो याकडे कोणी बघत नाही. स्नेअरच्या आधी तार बोटाने दाबून टाका, एवढ्यानेच गाणं उभं राहतं.

मूळ स्वर सोडून दुसराच स्वर खाली ठेवायची युक्ती पण शिकून घ्या, बीच बॉइजच्या १९६६ च्या पेट साउंड्समध्ये ब्रायन विल्सनने हे खूप केलं. सी कॉर्ड चालू आहे आणि तुम्ही सा ऐवजी ग धरलात तर तीच कॉर्ड अधांतरी वाटायला लागते, कुठेतरी जायचंय असं वाटतं. कीबोर्डवाल्याला आधी सांगा मात्र, नाहीतर तो डाव्या हाताने सा दाबून तुमचा ग मारून टाकतो. खरं तर बिझी बास वाजवायचाय तर कीबोर्डवाल्याचा डावा हात बांधून ठेवायला हवा. आमच्याकडे हेच भांडण दर रविवारी होतं.

कुठली गाणी बसवायची तर माझा क्रम असा. आधी टेम्पटेशन्सचं माय गर्ल, १९६४ चं, सुरुवातीला जेमरसन एकटाच आहे आणि मोजून किती कमी स्वर आहेत बघा, तोच माणूस पुढे काय करणार आहे याची चाहूलही नाही. मग शिक (Chic) या बँडचं गुड टाइम्स, १९७९, बर्नार्ड एडवर्ड्सचा बास, एकाच स्वराचे तीन ठोके, मग जागा, मग पळणं, ती जागा भरायचा मोह झाला की समजा आजार बरा झालेला नाही. त्यानंतर बीटल्सचं समथिंग, १९६९, तिथे बास जवळजवळ दुसरा गायक आहे, आणि मॅकार्टनी त्या काळात बास बऱ्याचदा सगळं रेकॉर्ड झाल्यावर शेवटी चढवायचा, म्हणजे गाणं समोर ऐकून मोकळ्या जागा बघून, आपल्याला स्टेजवर ती चैन नाही. १९६६ चं रेन पण घ्या. आणि फोर टॉप्सचं बर्नाडेट, १९६७, सगळ्यात शेवटी, मी आठ महिने झाले अजून पहिल्याच मिनिटात अडकतो. स्टीवी वंडरचं फॉर वन्स इन माय लाइफ, १९६८, ते नुसतं ऐका, बसवायच्या नादी लागू नका इतक्यात.

बसवताना पूर्ण गाणं घेऊ नका, दोन बार घ्या. दोन बार साठला, मग सत्तरला, आणि एका जागी तीनदा अडखळलात तर दहा खाली. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी ऐकलं तर आपण आपलीच बाजू घेतो. रेकॉर्डिंग ऐकताना बासकडे लक्ष न देता गाण्याचे शब्द म्हणायचा प्रयत्न करा. कुठे शब्द अडकले, तिथे तुम्ही मध्ये आलात, तिथून स्वर काढा. मी असं करून एका मुखड्यातले अकरा स्वर काढले होते, आणि नंतर वहिनींनी विचारलं, "आज काहीतरी नवीन वाजवलं का रे भाऊजी?"

आणि सगळं एकदम पहिल्याच मुखड्यात ओतू नका. पहिल्या मुखड्यात घरं आणि पंचम, पहिल्या अंतऱ्यात पायऱ्या, दुसऱ्या अंतऱ्यात ओळींच्या शेवटी ती न क, आणि शेवटच्या मुखड्यात जे काय दाखवायचंय ते, तेव्हा सगळेच जोरात असतात त्यामुळे चुकलं तरी झाकतं.

हॉलचं पण बघा. आपल्याकडचे बरेचसे सभागृह आणि मंगल कार्यालयं म्हणजे फरशी, उंच छत आणि प्लास्टिकच्या खुर्च्या, खालचा आवाज तिथे घुमत राहतो आणि तुमचे तीन छोटे स्वर मिळून एक मोठं हूऽऽ होतं. अशा ठिकाणी साउंडवाल्याला बासचं बटण वाढव असं कधीच सांगू नका, उलट खालचं ८० हर्ट्झच्या आसपासचं थोडं उतरवा आणि मधलं थोडं वाढवा, म्हणजे स्वर कळतो. आणि अँप कोपऱ्यात ढकलू नका, कोपऱ्यात गेला की बास आपोआप फुगतो. त्यातूनही घुमलंच तर अर्धे स्वर सोडून द्या, भिंतीशी भांडण्यात अर्थ नाही.

अजून एक, स्पंज सुकला की आकसतो आणि ऐन गाण्यात निसटून खाली पडतो. माझा नवरात्रात पडला, पिवळाधमक, थेट हार्मोनियमवाल्या मावशींच्या पायाशी, आणि पुढची तीन गाणी माझा बास पितळी घंगाळ्यासारखा वाजत होता. दुसरा तुकडा कापून बासच्या बॅगेत टाकून ठेवा. तीनाच्या पाकिटात अजून एक आहे.